मुक्या जनावरांचे रोग आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात बारामती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी मला बोलावून आपण माझा जो बहुमान केलात त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, थोरामोठ्यांचे दाखले द्यावेत आणि मुलांना दुवा देऊन खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु मी पेशाने पशुवैद्य. आमचे रोगी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलण्याची सवय आम्हांला लागलेली असते. तेव्हा आज मी जनावरांच्या विषाणुजन्य रोगांविषयी आणि त्यांवर झालेल्या संशोधनाविषयी चार शब्द बोलणार आहे.

हा विषय समारंभाला शोभण्यासारखा नाही, असे कोणास वाटेल. परंतु ज्यांच्या घरी शेळी, गाय, म्हैस किंवा कोंबड्या आहेत त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हटले तर या मंडपातले किती हात खाली राहतील? आपल्या समाजात मुलाणी आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी आहेत, मटणाची दुकाने चालविणारे आहेत, डेअरीला दूध घालणारे आहेत, आणि घरापुढे दोन शेळ्या बांधून त्यांच्यावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या माउल्याही आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नव्हे. आज इथे बक्षीस घेणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांची फी शेळीनेच भरलेली आहे.

एक प्रश्न

मी सातवीत असतानाची गोष्ट सांगतो. माझे अब्बा शेळ्यांचा लहानसा व्यापार करीत. एका बाजारातून आणायच्या, चार दिवस चारायच्या आणि दुसऱ्या बाजारात विकायच्या. एका वर्षी पावसाळा सरता सरता त्यांनी आणलेल्या शेळ्यांपैकी दोन-तीन शेळ्यांच्या नाकातून पाणी वाहू लागले, डोळ्यांना चिपडे आली. अब्बा म्हणाले, सर्दी आहे. दोन दिवसांनी त्यांची तोंडे आली, हगवण लागली आणि एक शेळी मेली. तेव्हा अब्बांनी तेच केले, जे त्या काळी बहुतेक सगळे करीत आणि आजही पुष्कळजण करतात. ज्या शेळ्या अजून पायांवर उभ्या होत्या, त्या त्यांनी घाईघाईने बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने विकल्या.

त्यांतल्या दोन शेळ्या पलीकडच्या वस्तीवरच्या एका विधवा बाईंनी घेतल्या. त्यांच्या दावणीला आधीच्या सात शेळ्या होत्या. पंधरा-वीस दिवसांत नऊच्या नऊ गेल्या. सरकारी दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक बर्फाची पेटी घेऊन आले, मेलेल्या शेळीचे नमुने घेऊन गेले, आणि हा पीपीआर नावाचा विषाणूचा रोग असल्याचे पुढे कळले. ‘विषाणू’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो त्या दिवशी.

त्या बाई आमच्या घरी आल्या. भांडण करायला आल्या असतील म्हणून माझी अम्मी घाबरून गेली. पण त्या भांडल्या नाहीत. उंबऱ्याशी बसून त्यांनी एवढेच विचारले, “भाई, तुम्हांला ठावं होतं का?” अब्बांनी मान खाली घातली. रोगाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते हे खरे. पण शेळ्या आजारी आहेत हे ठाऊक होतेच. पुढच्या वर्षी त्यांनी त्या बाईंना दोन पाटी नेऊन दिल्या. तरी तो प्रश्न आमच्या घरात राहिला. मी या विद्येकडे वळलो, तो बऱ्याच अंशी त्या प्रश्नामुळे.

विषाणू म्हणजे काय

विषाणू हा जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असतो. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोन शास्त्रज्ञांनी लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावराच्या फोडातले पाणी घेतले. ज्यातून एकही जिवाणू पार होत नाही अशा बारीक गाळणीतून त्यांनी ते गाळले, आणि ते गाळलेले पाणी निरोगी जनावराला टोचले. त्या जनावराला रोग झाला. जिवाणूहून सूक्ष्म असे काहीतरी आहे आणि ते वाढते, हे त्यावरून सिद्ध झाले. प्राण्यांच्या विषाणूचा लागलेला हा पहिला शोध. म्हणजे आज सारे जग ज्याची चर्चा करते त्या शास्त्राच्या या शाखेचा आरंभच मुळी गोठ्यातून झालेला आहे.

विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो प्राण्याच्या जिवंत पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू घडवून घेतो. म्हणून पेनिसिलीनसारखी जिवाणूंवरची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. पशुवैद्य अशा वेळी इंजेक्शन देतो ते मागाहून होणारा जिवाणूंचा संसर्ग रोखण्यासाठी. खरा उपाय म्हणजे रोग होण्यापूर्वी टोचलेली लस आणि आजारी जनावर वेगळे बांधणे. दोन्ही गोष्टी रोग येण्याआधीच्या किंवा अगदी आरंभीच्या आहेत, आणि दोन्ही मालकाच्या हातातल्या आहेत.

पुण्यापासून झालेली सुरुवात

आपल्या देशात या संशोधनाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली, हे फार थोड्यांना माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात बुळकांडी हा गुराढोरांचा सर्वांत मोठा काळ होता. ताप, तोंडात व्रण, डोळ्यांतून पाणी, मग दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठवडा-दीड आठवड्यात मृत्यू. एकदा बुळकांडी गावात शिरली की गोठेच्या गोठे ओस पडत. बैल गेले की शेती गेली, आणि शेती गेली की माणसे देशोधडीला लागत. सरकारने नेमलेल्या आयोगाने १८७१ साली या रोगाविषयी अहवाल दिला. त्यानंतर १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. इतक्या सांसर्गिक रोगाचे प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावारूपास आली.

१९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वर येथे डॉ. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेला. असे करता करता तो शेळीत रुळला आणि गुरांच्या बाबतीत त्याचा जोर कमी झाला. हा मवाळ झालेला विषाणू टोचला की गुराला थोडा ताप येई, पण पुढे बुळकांडी होत नसे. देशातील कोट्यवधी गुरे ज्या लसीने वाचली, ती अशी शेळीच्या उपकाराने तयार झाली. पुढे १९६० च्या सुमारास आफ्रिकेत वॉल्टर प्लाउराइट यांनी काचेच्या नळीत वाढविलेल्या पेशींवर अधिक निर्धोक लस तयार केली.

१९५४ साली भारतात बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लस टोचणारे कर्मचारी पायी, सायकलीने, बैलगाडीने गावोगाव फिरले. शेवटच्या टप्प्यात तर लस थांबवून रोगाचा शोध घेणे हेच मुख्य काम होते. कर्मचारी गावात जात आणि विचारीत, तोंड आलेले, हगवण लागलेले जनावर कोणाकडे आहे का? आणि लोक सांगत. देशातील बुळकांडीची शेवटची साथ १९९५ साली नोंदली गेली. २००६ साली भारत या रोगापासून मुक्त असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच. एक माणसांची देवी आणि दुसरी गुरांची बुळकांडी.

विद्यार्थी मित्रांनो, हे कशामुळे शक्य झाले? बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच होता, त्यामुळे एक लस सर्वत्र चालत असे. एकदा लस टोचली की दीर्घकाळ संरक्षण मिळे. बरे झालेले जनावर विषाणू अंगात बाळगून हिंडत नसे. ही झाली शास्त्राची बाजू. दुसरी बाजू अशी की, गावोगावच्या मालकांनी जनावर दडवून ठेवले नाही. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हाच हा रोग हटला.

बुळकांडीची भावंडे

आमच्या शेळ्यांना झालेला पीपीआर हा याच बुळकांडीचा भाऊबंद आहे. म्हणून त्याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी असेही म्हणतात. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे १९४२ साली त्याची प्रथम नोंद झाली. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूत ओळखला गेला. त्याआधी शेळ्यांत असा आजार दिसला की ती बुळकांडीच समजली जाई. या कुळातला आणखी एक भाऊ आपल्या घराघरांत माहीत आहे, तो म्हणजे मुलांना होणारा गोवर. तीन रोग, तीन वेगळे यजमान, पण घराणे एकच.

येथे एका थोर पुरुषाची आठवण करणे उचित होईल. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी इराणातील रय शहरी जन्मलेले हकीम अल-राझी यांनी देवी आणि गोवर हे दोन निरनिराळे रोग आहेत, हे लक्षणांवरून स्पष्ट करून दाखविले. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. रोग्याजवळ बसून पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करणे, एवढेच साधन होते. तेराव्या शतकातील विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार यांच्या नावाचा अर्थच ‘पशुवैद्याचा मुलगा’ असा आहे. आपल्याकडे आज मुलगा पशुवैद्य होतो म्हणाला की नातेवाईक विचारतात, ढोरांचा डॉक्टर होणार का? त्यांना हे नाव जरूर सांगावे.

पीपीआरवर आपल्या देशात उत्तम लसी तयार झालेल्या आहेत. हिमाचल प्रदेशातील सुंगरी येथे १९९६ साली आजारी शेळ्यांतून मिळालेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरच्या शास्त्रज्ञांनी एक लस तयार केली. तामिळनाडूत १९८७ सालच्या विषाणूपासून दुसरी तयार झाली. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की एकदा लस टोचावी. तिचे संरक्षण साधारणतः तीन वर्षे टिकते. बुळकांडीप्रमाणेच हाही विषाणू एकाच प्रकारचा असल्याने तो समूळ नष्ट करता येईल अशी शास्त्रज्ञांना उमेद आहे, आणि त्यासाठी २०३० सालचे जागतिक उद्दिष्ट ठरविलेले आहे. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आहेत. एवढ्या कळपातून एखादा रोग हटवायचा तर दिल्लीत ठरवून भागणार नाही. ते आपल्या परसातच ठरेल.

कालव्याचा मुलूख आणि खुरकूत

निरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे रूप पालटले. ऊस आला, साखर कारखाने आले, संकरित गायी आल्या, दूध आले. दर वर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि इतर भागांतून ऊसतोड कामगार आपल्या बैलजोड्या घेऊन येतात. कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात, टायरगाड्यांची रांग लागते, आणि निरनिराळ्या गावांचे बैल एका हौदावर पाणी पितात. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला याहून सोयीची जत्रा कोणती?

या रोगात जनावराला ताप येतो, तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, जनावर लंगडते. मोठे जनावर बहुधा मरत नाही, पण गायीचे दूध आटते, बैल ओढकामास निकामी होतो, आणि लहान वासरे हृदयावर आघात होऊन पटकन दगावतात. ज्या कामगाराने बैलांच्या भरवशावर मुकादमाची उचल घेतलेली असते, त्याचा बैल हंगामात बसला तर त्याचे वर्ष बुडते. रोग कोणी आणला म्हणून गावकरी त्याच्याकडे बोट दाखवितात. परंतु तो बैल कोठून विषाणू घेऊन निघाला आणि कोठे घेऊन परतला, हे कोण सांगणार? विषाणूला गाव नाही आणि जात नाही. लस मात्र दोघांच्याही जनावरांना हवी.

खुरकुताचे काम बुळकांडीहून अवघड आहे. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार आढळतात, आणि एकाविरुद्ध आलेली शक्ती दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात. तिचे संरक्षणही थोडे दिवस टिकते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी ती टोचावी लागते. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जनावराच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला आपण पाहिला असेल. त्या क्रमांकावर जनावराच्या लसीची नोंद होते. काहीजण बिल्ल्याने कान दुखतो म्हणून जनावर आत बांधून ठेवतात. माझी विनंती आहे, असे करू नका. लस चुकलेले एक जनावर सबंध वस्तीला भोवते.

साथ आली तर आजारी जनावराचे तोंड तुरटीच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने धुवावे, मऊ चारा द्यावा, पायांच्या जखमांवर माश्या बसू देऊ नयेत. गोठा, दुधाचे कॅन, गाडीची चाके धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत. शंभर लिटर पाण्याला चार किलो, या प्रमाणात केलेल्या द्रावणाने हा विषाणू मरतो. आणि ज्याने आजारी जनावराला हात लावला, त्याने हात-पाय धुवून कपडे बदलल्याशिवाय दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नये.

लम्पीचे वर्ष

लम्पी चर्मरोग आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. आफ्रिकेत १९२९ साली प्रथम दिसलेला हा रोग भारतात २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावल येथे त्याची जनावरे सापडली आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. गायींच्या अंगावर गाठी, पायांना सूज, ताप, आटलेले दूध. देशभरात त्या वर्षी दीड लाखांहून अधिक जनावरे मेली. सप्टेंबरात राज्य सरकारने सर्व राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, जनावरांचे बाजार बंद केले, वाहतुकीवर निर्बंध आणले. मृत दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी मदत ठरली. बाजार बंद म्हणजे आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांची रोजी बंद. तो त्रास मी जाणतो. परंतु ज्या घरची एकुलती गाय गेली त्याचा त्रासही आपण जाणला पाहिजे.

या रोगाचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. म्हणून त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचण्यात आली आणि ती बऱ्याच प्रमाणात उपयोगी पडली. पुन्हा पाहा, गायीच्या मदतीला शेळीच आली. दरम्यान हिसार येथील अश्व संशोधन केंद्र आणि भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी भारतात मिळालेल्या विषाणूपासून ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस तयार करून ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली. तिच्या उत्पादनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला. १९४७ साली स्थापन झालेली ही संस्था घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार, कोंबड्यांचा राणीखेत अशा रोगांच्या लसी तयार करीत आलेली आहे. औंधलाच रोग अन्वेषण विभाग आहे, जेथे गावोगावचे नमुने तपासले जातात.

लम्पीच्या काळात अफवाही फार पसरल्या. दूध प्यावे की नाही, असे मला रोज विचारीत. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे, एवढी खबरदारी पुरे. परंतु जनावरांकडून माणसांत येणारे विषाणू आहेत, हेही विसरू नये. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्थेने अशा कित्येक विषाणूंचा माग काढला आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा गोचिडीतून पसरणारा विषाणू या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. २०१६ साली तोच रोग आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात उद्भवला. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तो देशातील पहिला. आधी जनावर आजारी पडते, मग माणूस. जनावराच्या आजाराकडे लक्ष देणारा आपल्या लेकरांचेही रक्षण करतो.

आपला दीन काय सांगतो

काही वडीलधारी मंडळी मला म्हणतात, आजार अल्लाहच्या मर्जीने येतो, तेथे लस काय करणार? त्यांचा मी आदर करतो. परंतु आजारी जनावरांच्या मालकाने ती निरोगी जनावरांच्या जागी नेऊ नयेत, अशी स्पष्ट ताकीद पैगंबरसाहेबांनी चौदाशे वर्षांपूर्वी दिलेली हदीसमध्ये आहे. ज्या काळी विषाणू कोणाला ठाऊक नव्हता त्या काळची ही गोष्ट. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्या मते लस टोचणे म्हणजे उंट बांधणेच होय.

कुर्बानीसाठीही जनावर निरोगी व निर्दोष असावे असा दंडक आहे. बकरी ईदच्या आधी दूरदूरच्या बाजारांतून बोकड येतात. ते आणताना नाक, डोळे, तोंड, विष्ठा पाहून घ्या. आणलेला बोकड घरच्या शेळ्यांपासून लांब बांधा, त्याचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवा. पाळण्यासाठी नवी शेळी आणली तरी निदान तीन आठवडे ती वेगळी ठेवा. आणि जनावर आजारी दिसले तर ते बाजारात नेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरवा. जनावरांच्या सांसर्गिक रोगांची खबर देणे हे २००९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पण मी आपणांस कायद्याची भीती घालायला आलेलो नाही. आजार लपवून विकलेल्या जनावराच्या पैशाला बरकत कशी येईल, एवढेच प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या समाजाचे हात पिढ्यान् पिढ्या जनावरांवर फिरलेले आहेत. शेळीच्या तोंडाकडे पाहून तिचे वय सांगणारी, पाठीवर हात फिरवून वजन सांगणारी माणसे या मंडपात बसलेली आहेत. हे ज्ञान लहान नव्हे. मात्र त्याला शाळेच्या विद्येची जोड मिळाली नाही, म्हणून ते बाजारातच अडकून पडले. ज्या घरात हा अनुभव आहे त्या घरातला मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेत गेली, तर ती पुस्तकी विद्यार्थ्याच्या दोन पावले पुढे असेल.

वाटा अनेक आहेत. बारावी विज्ञानानंतर नीट परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. प्रत्यक्ष प्रशिक्षणासह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. आपल्याला जवळचे एक महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर येथेही सोय आहे. पदवीला प्रवेश मिळाला नाही तर निराश होण्याचे कारण नाही. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, पुढे विषाणूशास्त्राकडे वळावे. पालकांना माझे सांगणे असे की, दहावी झाली की मुलाला दुकानावर बसविण्याची आणि मुलीचे स्थळ पाहण्याची घाई करू नका. शेळ्यांची देखभाल बहुतेक घरांत बायकाच करतात. एखादी मुलगी पशुवैद्य होऊन गावात आली, तर आमच्यासारख्या पुरुषांना न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी या माउल्या तिला सांगतील आणि रोग दोन दिवस आधी कळेल.

संस्थेपुढेही मी एक सूचना ठेवतो. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी वही करावी. आपल्या घरी आणि शेजारच्या चार घरी किती शेळ्या, गायी, कोंबड्या आहेत, त्यांना कोणती लस कोणत्या तारखेला टोचली, कोणते जनावर कधी व कसे आजारी पडले, हे तीत लिहावे. विज्ञानाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा ती तपासावी आणि लस राहिलेल्या घरांची यादी दवाखान्याला द्यावी. याला पैसा लागत नाही. अल-राझींनी केले ते हेच, पाहणे आणि लिहून ठेवणे. पुढील वर्षी बक्षिसांच्या यादीत अशा उत्तम वहीसाठीही एक बक्षीस असावे. त्याची रक्कम मी माझ्याकडून आजच अध्यक्ष महोदयांच्या स्वाधीन करतो.

बंधू-भगिनींनो, माझे अब्बा आज हयात नाहीत. शेवटच्या काही वर्षांत ते कोणाचीही शेळी घेताना आधी विचारीत, लस टोचली का? आणि आपली शेळी विकताना टोचल्याची तारीख स्वतःहून सांगत. व्यापारी त्यांना हसत. पण त्यांच्या दावणीची शेळी लोक डोळे मिटून घेत. त्या बाईंनी आमच्या उंबऱ्यावर विचारलेल्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले ते उत्तर होते, असे मी समजतो. आज येथे बसलेल्या कोणालाही तोच प्रश्न उद्या विचारला गेला, तर ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. जे ठाऊक झाले त्याप्रमाणे वागण्याची बुद्धी अल्लाह आपणां सर्वांना देवो, आणि बक्षीस मिळविलेल्या व न मिळविलेल्या सर्व मुलामुलींना इल्मची ओढ लागो, अशी दुवा मागून मी आपली रजा घेतो.